क्रिप्टो वॉलेट उघडत नाहीये? आधी नक्की काय हरवलंय ते शोधा

मागच्या जुलैत नाशिकहून मावसभावाचा फोन आला, रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि पहिलंच वाक्य, "दादा, माझं वॉलेट गेलं रे." झालं असं होतं की मोबाईल पाण्यात पडून बंद पडला, नवीन घेतला, त्यात वॉलेटचं ॲप टाकलं आणि ॲपने वॉलेट पहिल्यांदा बनवताना दिलेले बारा शब्द मागितले. शब्द त्याने डायरीत नीट लिहून ठेवले होते, पण डायरी ज्या कपाटात होती त्याच्या मागच्या भिंतीला ओल येते आणि सातव्या शब्दाची शाई पार पसरलेली. पहिली दोन अक्षरं दिसत होती, एस आणि टी, पुढे नुसता निळा डाग. टेलिग्रामवर एका रिकव्हरी एक्स्पर्टने त्याला सांगितलं होतं, अकरा शब्द पाठव, राहिलेला मी काढून देतो. तो पाठवणारच होता, पाठवायच्या आधी मला फोन केला एवढंच.

मी म्हटलं, कोणाला काही पाठवू नकोस, डायरीचा फोटोसुद्धा काढू नकोस, सकाळी बोलू. त्याचे पैसे परत मिळाले, ते कसे ते शेवटी सांगतो, पण त्याआधी हा सगळा प्रकार समजून घ्या, कारण वॉलेट गेलं म्हणून मला आजवर जेवढ्यांनी विचारलंय त्यातल्या बहुतेकांना नक्की काय गेलंय हेच माहीत नसतं. फोन गेलाय, पासवर्ड गेलाय, शब्द गेलेत की पैसेच कोणीतरी काढून नेलेत? हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि चौघांची औषधं वेगळी.

मुळात वॉलेट या शब्दानेच घोळ होतो. पाकिटात नोटा असतात, क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये एकही कॉइन नसतं. तुमचं बिटकॉइन फोनमध्ये नाही, पेनड्राइव्हसारख्या त्या हार्डवेअर वॉलेटमध्येपण नाही, ते ब्लॉकचेनवर आहे, म्हणजे जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकच वही ठेवलेली असते आणि तिच्यात नोंद असते की अमुक ॲड्रेसवर, म्हणजे खाते नंबरासारख्या एका ओळीवर, इतकं बिटकॉइन आहे. सातबाऱ्यावर जमिनीची नोंद असते तसंच समजा, फक्त सातबाऱ्यावर तुमचं नाव असतं, कागद हरवला तर परत उतारा काढता येतो. या वहीत नावच नाही. ज्याच्याकडे चावी तो मालक, आणि चावी म्हणजे एक प्रचंड मोठा आकडा, आपल्या पद्धतीने लिहिला तर जवळपास ७८ अंकी. वॉलेट म्हणजे ही चावी सांभाळणारी वस्तू. त्यामुळे फोन फुटला, लॅपटॉप चोरीला गेला, ॲप डिलीट झालं, तरी पैसे जागच्या जागी असतात, प्रश्न इतकाच उरतो की ती चावी परत बनवता येतेय का.

पण त्याआधी एक विचारून घ्या. चावी कधी तुमच्याकडे होती का? भारतात बरेच लोक एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीच्या ॲपवर खरेदी करतात आणि तिथेच ठेवतात, केवायसी करून, पॅन देऊन. अशा खात्याचा पासवर्ड विसरलात तर तो ईमेल, ओटीपी, पॅनकार्ड दाखवून परत मिळतो, बँकेसारखंच, आणि खाली मी जे सांगणार आहे त्यातलं काहीही तुम्हाला लागत नाही. मात्र तिथे चावी एक्स्चेंजकडे असते, तुमच्याकडे नाही, आणि त्याची किंमत वेगळी आहे. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतातल्या एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास २००० कोटी रुपये चोरीला गेले, तेव्हा ग्राहकांचे पासवर्ड सगळे शाबूत होते. आणि एक प्रकरण तर आपल्या देशातच घडलं, क्वाड्रिगा नावाच्या कॅनडातल्या एक्स्चेंजचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला, वय अवघं ३०. मागून सांगण्यात आलं की ग्राहकांच्या कॉइन्सच्या चाव्या फक्त त्यालाच माहीत होत्या, त्या त्याच्याबरोबर गेल्या. सगळं जग जयपूरकडे बघत होतं, आणि ऑडिटरनी पाहिलं तर ती वॉलेट्स त्याच्या मृत्यूच्या आधीच, एप्रिल २०१८ पासून रिकामी होती. हरवलेल्या चावीची गोष्ट सांगितली गेली आणि प्रत्यक्षात ती फसवणूक होती, असं तिथल्या सरकारी नियामकांनी २०२० साली लिहून दिलं. ७६ हजारांवर लोकांचे पैसे अडकले. म्हणून चावी गेली आणि पैसे गेले हे दोन वेगळे मुद्दे आहेत हे मी परत परत सांगतो. तुमचा ॲड्रेस माहीत असेल तर तो कुठल्याही ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ती वही दाखवणाऱ्या वेबसाइटवर टाकून बघा, त्याला पासवर्ड लागत नाही. पैसे तिथे दिसत असतील तर पुढे वाचण्यात अर्थ आहे. पैसे निघून गेलेले दिसले तर ती चोरी आहे, रिकव्हरी नाही, आणि मग वेळ न घालवता सायबर हेल्पलाइन १९३० ला फोन करायचा.

आता ते बारा शब्द. ७८ अंकी आकडा माणूस लिहून ठेवू शकत नाही, एक अंक चुकला की संपलं. म्हणून २०१३ साली एक पद्धत ठरवली गेली, बीआयपी-३९, की २०४८ साध्या इंग्लिश शब्दांची एक यादी करायची, अबँडनपासून झूपर्यंत, त्यात मँगो आहे, जिंजर आहे, कोकोनट आहे, टायगर आहे, आणि आकड्याऐवजी या यादीतले १२ किंवा २४ शब्द ठराविक क्रमाने लिहायचे. यालाच सीड फ्रेज म्हणतात. शब्दांपासून चावी बनते, म्हणजे हे शब्द हाच तुमचा खरा पैसा, ॲप वगैरे सगळं वरवरचं. यादी जाहीर आहे, कोणालाही मिळते, आणि ती बनवणाऱ्यांनी एक फार चांगलं काम केलंय, प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, पुढचं पुसलं तरी चालतं.

अजून एक गोष्ट त्यात लपवलीये. आधारचा शेवटचा अंक हा आधीच्या अंकांवरून काढलेला असतो, म्हणजे कोणी मनाने बारा अंक लिहिले तर बहुतेक वेळा लगेच कळतं की नंबर खोटा आहे. तसंच इथे शेवटच्या शब्दात सगळ्या फ्रेजची पडताळणी असते. बारा शब्दांच्या फ्रेजमध्ये यादीतले कुठलेही शब्द घातले तर सोळातली एकच जुळणी खरी निघते, बाकीच्या पंधरा ॲप तिथल्या तिथे नाकारतं. रिकव्हरी करणाऱ्यासाठी ही फार मोठी सोय आहे.

गणित करून बघू. एक शब्द गेलाय आणि तो कितवा ते माहीत आहे, तर २०४८ शक्यता, त्यातल्या पडताळणीत टिकणाऱ्या साधारण १२८. हे हातानेसुद्धा होईल, कंटाळवाणं आहे पण होईल. दोन शब्द गेले तर ४१,९४,३०४ शक्यता, हाताने नाही पण साध्या लॅपटॉपला जमतं, बीटीसी-रिकव्हर नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे त्यासाठी, इंटरनेट काढून चालवायचं. तीन गेले तर साडेआठशे कोटींच्या वर, तरी चांगल्या मशीनवर ते काही दिवसांचं काम आहे. चार गेले तर? २०२० साली एका गुंतवणूकदाराने ट्विटरवर एक बिटकॉइन ठेवलेल्या वॉलेटचे शब्द एकेक करून जाहीर करायला सुरुवात केली, कल्पना अशी की शेवटी कोणीतरी जिंकेल. आठ शब्द बाहेर आल्यावर जॉन कँट्रेल नावाच्या प्रोग्रॅमरने भाड्याने ग्राफिक्स कार्डं घेतली आणि उरलेल्या चार शब्दांच्या, पडताळणीत टिकणाऱ्या लाख कोटीभर शक्यता साधारण तीस तासांत पालथ्या घालून बिटकॉइन काढून घेतलं. म्हणजे चार शब्द गेले तरी आशा आहे. पाचवा गेला की तेच काम २०४८ पटीने वाढतं, तीस तासांची सात वर्षं होतात, सहावा गेला की चौदा हजार वर्षं. कुठे थांबायचं ते इथे गणितच सांगतं, कुठलाही एक्स्पर्ट त्याच्या पुढे जाऊ शकत नाही.

आणि याच गणिताची दुसरी बाजू बघा. आठ शब्द मिळाल्यावर जर परका माणूस पैसे काढू शकतो, तर अकरा शब्द पाठव म्हणणाऱ्याला भावाने अकरा पाठवले असते तर काय झालं असतं? त्या माणसाने सातवा शब्द खरंच काढला असता, काही सेकंदांत, फक्त पैसे नाशिकला आले नसते. एक-दोन शब्द तर राखून ठेवतोय, सगळे थोडेच देतोय, असं म्हणून समाधान मानू नका.

शब्द सगळे आहेत पण क्रम लावलेला नाही, असंही होतं, चिठ्ठ्यांवर लिहून ठेवले आणि चिठ्ठ्या मिसळल्या. बारा शब्दांचे ४७ कोटी ९० लाख क्रम होतात, पडताळणीनंतर तीनेक कोटी उरतात, हे कॉम्प्युटरला सहज जमतं. चोवीस शब्दांचा क्रम पूर्ण गेला तर मात्र नाही, तो आकडा आवाक्याच्या फार बाहेर आहे.

आपल्याकडची एक खास भानगड सांगतो. काही लोकांनी शब्द ऐकून किंवा वाचून देवनागरीत लिहिलेत, घरातल्या मोठ्यांनी विशेषकरून. वाचायला सोपं जातं, पण या यादीत बरोबर या अर्थाचा राइट आहे आणि लिहिणे या अर्थाचा राइटपण आहे. जोडी म्हणजे पेअर आहे आणि नाशपातीचं फळ तेही पेअर. स्टील आणि स्टिल दोन्ही आहेत. तुमची फ्रेज ॲप नाकारतंय आणि कागद देवनागरीत असेल, तर असे जुळे शब्द आधी तपासा. इंग्लिशमध्ये लिहिलं असेल तर अक्षर तपासा, घाईत लिहिलेलं हँड आणि हार्ड, कार्ड आणि कार्ट सारखंच दिसतं, आणि हे चारही शब्द यादीत आहेत. मी पाहिलेल्या अर्ध्याअधिक केसेस इथेच सुटल्या, कुठलंही सॉफ्टवेअर न लावता.

फ्रेज बरोबर आहे, ॲपने घेतलीपण, पण बॅलन्स शून्य दाखवतंय, अशा वेळी लोकांचं काळीज थांबतं. थांबा. एकाच फ्रेजमधून असंख्य ॲड्रेस निघतात आणि वेगवेगळी ॲप्स वेगवेगळ्या वाटेने ते काढतात, जुनं ॲप १ ने सुरू होणारे ॲड्रेस देत असेल, नवीन ॲप बीसी१ वाले दाखवतं, पैसे जुन्या वाटेवर बसलेले असतात आणि नवीन ॲप तिकडे बघतच नाही. वाट बदलून बघायची, सेटिंगमध्ये डेरिव्हेशन पाथ म्हणून असतं, किंवा मूळचं ॲप शोधायचं. इलेक्ट्रमसारख्या काही वॉलेटची शब्दांची पद्धतच वेगळी आहे, त्यामुळे शब्द कुठल्या वॉलेटने दिले होते हे आठवणं शब्दांइतकंच महत्त्वाचं. आणि तुम्ही कधी पासफ्रेज नावाचा जास्तीचा शब्द लावला होता का ते आठवा. ती चुकली तर ॲप चूक म्हणून सांगत नाही, सरळ दुसरंच, रिकामं वॉलेट उघडून देतं.

आता पासवर्ड. इथे आधी हे बघा की बारा शब्द आहेत का, असतील तर पासवर्ड विसरलात तरी काही बिघडत नाही, नवीन ॲप टाका, शब्द घाला, नवा पासवर्ड लावा. हार्डवेअर वॉलेटच्या पिनचंही तेच, लेजरवर तीनदा पिन चुकला की ते स्वतःला पुसून टाकतं, ट्रेझरवर प्रयत्न त्याहून जास्त मिळतात, पण शब्द असतील तर नव्या डिव्हाइसवर सगळं परत येतं. शब्द नसतील तरच पासवर्डला किंमत, आणि तेव्हा पासवर्डबरोबर ती जुनी फाइलपण हवी. २०१०-१२ च्या काळातलं बिटकॉइन असेल तर तेव्हा बहुतेकांकडे बारा शब्द नसायचे, वॉलेट-डॉट-डॅट नावाची फाइल असायची. मेटामास्क हे ब्राउझरमधलं वॉलेट वापरत असाल तर क्रोमच्या प्रोफाइल फोल्डरमध्ये कुलूपबंद व्हॉल्ट, म्हणजे चाव्यांची फाइल, पडून असतो, म्हणून एक्स्टेन्शन काढून परत टाकू नका, लॅपटॉप फॉरमॅट करू नका, दुकानात दुरुस्तीला टाकण्याआधी हार्डडिस्कची पूर्ण कॉपी घ्या. फाइल डिलीट झाली असेल तर त्या मशीनवर नवीन काही सेव्हसुद्धा करू नका, डिलीट झालेली फाइल बरेचदा डिस्कवर असतेच, वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत.

फाइल आहे म्हणजे मग आठवणींचं काम. पासवर्ड कोणी हवेतून काढत नाही. गाडीचा नंबर, मुलीचा वाढदिवस, कुलदैवत, जुन्या सोसायटीचं नाव, शेवटी ॲट आणि १२३, असे तुकडे लिहून काढायचे आणि सॉफ्टवेअरला त्यांच्या जोड्या लावून बघायला सांगायचं. मराठी माणसाने एक जास्तीचं करायचं, प्रत्येक शब्दाची रोमन स्पेलिंग्ज सगळी लिहायची, ज्ञानेश्वर डीने लिहिलं होतं की जीने, श्री एका आयने की दोन ईने, वैभवचा व व्हीने की डब्ल्यूने. इंग्रजी डोक्याने केलेल्या याद्यांमध्ये हे कधीच नसतं.

आठवणीवर किती विसंबायचं याचं एक खरं उदाहरण आहे. युरोपातल्या एका माणसाने २०१३ मध्ये रोबोफॉर्म या पासवर्ड मॅनेजरने २० अक्षरी पासवर्ड बनवला, ४३.६ बिटकॉइन त्याच्या मागे ठेवले, आणि पासवर्ड ज्या फाइलमध्ये होता ती खराब झाली. २० अक्षरी पासवर्ड अंदाजाने काढणं अशक्यच. पण जो ग्रँड नावाच्या अमेरिकन हार्डवेअर हॅकरने आणि त्याच्या जर्मन साथीदाराने शोधून काढलं की रोबोफॉर्मची तेव्हाची व्हर्जन्स कॉम्प्युटरच्या तारीख-वेळेवरून पासवर्ड बनवायची, म्हणजे वेळ माहीत असेल तर तोच पासवर्ड परत बनतो. मालकाच्या आठवणीप्रमाणे त्यांनी तारखा टाकल्या, निघालं नाही. तो ठामपणे सांगत होता की पासवर्डमध्ये स्पेशल कॅरेक्टर होती. शेवटी स्पेशल कॅरेक्टर काढून आणि तारखा पुढे वाढवून पाहिलं तर १५ मे २०१३ चा पासवर्ड लागला. त्यामुळे मला नक्की आठवतंय असं जिथे तुम्ही म्हणता, तिथेपण थोडी जागा मोकळी ठेवा.

याउलट स्टीफन थॉमस नावाचा प्रोग्रॅमर. २०११ मध्ये बिटकॉइन समजावणारा व्हिडिओ केल्याबद्दल मिळालेली ७,००२ बिटकॉइन, त्यांची चावी आयर्नकी नावाच्या पेनड्राइव्हमध्ये, आणि त्या पेनड्राइव्हवर दहाच प्रयत्न चालतात. २०२१ ला त्याचे आठ संपलेले होते. आणि वेल्समधल्या न्यूपोर्टचा जेम्स हॉवेल्स, त्याची बिटकॉइनची चावी असलेली हार्डडिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, डेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं नगरपालिकेशी भांडला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. एकाकडे वस्तू आहे, पासवर्ड नाही. दुसऱ्याकडे वस्तूच नाही, आणि वस्तू नसेल तर गणितालापण काही करता येत नाही.

घरातला माणूस गेल्यानंतर हे शोधायची वेळ आली असेल तर रद्दी देण्याआधी हात आवरा. संबंध नसलेले १२ किंवा २४ इंग्लिश शब्द लिहिलेला कागद, ५, के किंवा एल ने सुरू होणारी ५१-५२ अक्षरांची ओळ, पेनड्राइव्हसारखी छोट्या स्क्रीनची वस्तू, ईमेलमधल्या एक्स्चेंजच्या विथड्रॉवलच्या पावत्या, हे सगळं जपून ठेवा. त्या पावत्यांमध्ये ॲड्रेस असतो.

मदत घ्यावी लागली तर घ्या, पासवर्ड शोधून देणारे प्रामाणिक लोक आहेत, ते काम झाल्यावर ठरलेले टक्के घेतात, आणि बऱ्याच प्रकारच्या फाइल्समधून त्यांना असा तुकडा काढून देता येतो ज्यावर पासवर्ड तपासता येतो पण पैसे हलवता येत नाहीत. आधी फी मागणारा, शब्द मागणारा, वॉलेट व्हॅलिडेट करा म्हणून लिंक पाठवणारा, ब्लॉकचेन हॅक करून व्यवहार उलटा फिरवतो म्हणणारा, किंवा तुमचे पैसे सापडले, आता टॅक्स भरा म्हणजे सोडतो म्हणणारा, हे सगळे चोर आहेत. ज्याचं एकदा गेलंय त्यालाच हे लोक गाठतात, आणि तो माणूस आधीच खचलेला असतो, मला याचा फार राग येतो.

तर नाशिकचं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसने माझ्याकडे आला, डायरी पिशवीत घेऊन. आम्ही यादीतून एस-टीने सुरू होणारे शब्द उतरवले, तीसेक निघाले. एकेक शब्द सातव्या जागी घालून ॲपमध्ये टाकत गेलो, ॲप नाकारत गेलं, पोहे गार झाले. दोनच शब्द घेतले गेले, आधीच्याने रिकामं वॉलेट उघडलं, दुसऱ्याचा ॲड्रेस त्याच्या जुन्या विथड्रॉवलच्या ईमेलशी अक्षर न् अक्षर जुळला. लगेच नवीन वॉलेट बनवलं, नवे बारा शब्द दोन कागदांवर पेन्सिलीने लिहिले, ॲप पुसून ते शब्द घालून परत उघडतंय ना ते पाहिलं, आधी थोडीशी रक्कम पाठवून पाहिली आणि मग सगळी. जुन्या फ्रेजवर आता काही नाही, त्यामुळे तो सातवा शब्द सांगायला हरकत नाही. स्टोव्ह.